निम्मी तलफ

सुटकेच्या तपासणीला निघालेल्या इरफान तांबोळीला पुन्हा घाम फुटला. घाम तलफेचा होता, पण तलफ त्याची नव्हती. त्याला ब्राउन शुगर सोडून वर्षं झाली होती. ही तलफ बराकीत नव्याने आलेल्या शेलारची होती. दोघांच्या मनगटांवरच्या जोडपट्ट्यांतून तिची निम्मी इरफानच्या अंगात उतरत होती. तुरुंगाने या कामाला ‘सोबत’ असं गोड नाव दिलं होतं. अडचण एवढीच, की तलफ कुणाची हे तपासणीच्या यंत्राला कळत नसे, आणि तलफ दिसली की सुटका रद्द होई.

“माझ्यापायी दोनदा नापास झालास, भाई,” शेलार म्हणाला होता. “काढ तो पट्टा.”

“गप रे. सगळी एकट्याने झेपणार आहे का तुला? जीव देशील.”

यंत्रासमोर बसताच इरफानचं अंग एकाएकी हलकं झालं.

“शून्य!” साहेब खूश झाले. “सुटलास, तांबोळी!”

“साहेब, शेलारने त्याचा पट्टा तोडलाय! तो एकटाय, मला बराकीत जाऊ द्या!”

“सुटलेल्या माणसाला आत प्रवेश नाही.”

इरफान तरीही बराकीकडे धावला. आनंदाने डोकं फिरलं असेल, असं समजून दोन शिपायांनी त्याला प्रेमाने उचललं आणि फाटकाबाहेर नेऊन सोडलं.