हवेतलं कुंकू

"दाखव की गं पुस्तक, किती ताटकळत ठेवशील?" वेणूताई कुंकवाचा करंडा घेऊन केव्हाच्या बसल्या होत्या. नव्या पुस्तकाला कुंकू लावल्याशिवाय त्यांनी आजवर पान उलटलं नव्हतं, आणि हे तर लेकीनं लिहिलेलं!

"अगं, हातातच धरलंय, आई," समोरच्या खुर्चीतून केतकी म्हणाली.

वेणूताईंना तिचे हात रिकामे दिसत होते. त्यांनी चाचपडत बोट टेकवलं. गुळगुळीत पुठ्ठा लागला आणि कुंकवाचा टिळा हवेतच राहिला.

केतकीच्या लक्षात आलं, तिनं आईला सांगितलं. मोतीबिंदू काढल्यावर आईच्या डोळ्यांत ऑनलाइन पुस्तकं विकणाऱ्या कंपनीची फुकटातली लेन्स बसवली होती. बाईनं बाईवर प्रेम केल्याची, बाईनं आपल्या मनानं जगल्याची पुस्तकं कंपनी दुकानातून लपवायचीच. आता ती डोळ्यांतूनही लपवत होती.

"तुझ्या नि रेश्माच्या संसारात लपवण्यासारखं काय आहे मेल्यांना?" वेणूताई भडकल्या. "तू वाच, मी ऐकते."

"पुस्तकाच्या मागे माझा फोटोपण आहे. तोही दिसत नाही?"

"न दिसू दे. खरा चेहरा समोर आहे ना!" त्यांनी लेकीच्या कपाळाला कुंकू लावलं.

केतकी वाचू लागली. पहिलं वाक्य संपायच्या आत लेन्सनं फोटोतला चेहरा केतकीचाच म्हणून ओळखला आणि समोरची खुर्ची रिकामी झाली. आवाज तेवढा येत होता. हवेत दोन टिळे उरले होते, आणि वरचा हळूहळू हलत होता.

"केतकी," वेणूताई कशाबशा म्हणाल्या, "कपाळ पुसू नकोस गं."