ती खाली उतरली की

“उतरली का?” चैतीने दारातूनच विचारलं.

“अजून नाही. ये, आत बस,” हरिभाऊ गुरुजी म्हणाले.

वीज गेली होती, म्हणून गुरुजींनी ट्रॅक्टरची बॅटरी आणून टीव्हीला जोडली होती. सूर्यमाळचा अर्धा पाडा त्यांच्या खोलीत दाटीवाटीने बसला होता. आपल्या देशात जन्मलेली एक बाई अमेरिकेच्या यानातून आभाळात गेली होती आणि आज परत यायची होती. चैतीची जयवंती सगळ्यांत पुढे, टीव्हीला नाक लावून.

चैती उंबऱ्याशी टेकली. तिचं काम त्या बाईशी नव्हतं, पोरीशी होतं. जयवंती दहावीला. पुढे नाशिकला वसतिगृहात राहून सायन्स शिकायचं, हे गुरुजींनी तिच्या डोक्यात भरवलं होतं. चैती नाय म्हणत होती. तिचा नवरा तुका ठाण्याला बिल्डिंगच्या कामावर गेला तो तिकडचाच झाला. लांब गेलेलं माणूस माघारी येतं यावर तिचा भरवसा उरला नव्हता. तेव्हा गुरुजी म्हणाले होते, “चैती, ती बाई आभाळात जाऊन घरी परत येते, मग तुझी पोर नाशिकहून येणार नाही? सारखंच आहे.”

चैतीने दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, “बरं. ती खाली उतरली की हिला जाऊ दे.”

“पण तिकडं काय आणायला गेलती ती?” म्हातारी धोंडीबाई विचारत होती.

“आणायला नाही, आजी. बघायला,” गुरुजी म्हणाले.

“नुसतं बघायला?” कोतवाल गौतम म्हणाला. “एवढ्या खर्चात आपल्या पाड्याला नळ आला असता, गुरुजी. आमची कोरडी विहीर तरी दिसली का वरून, विचारा तिला.”

लोक हसले. जयवंती गर्रकन मागे वळली. “गौतमकाका, बोहाड्याची सोंगं बघायला तुम्ही मोखाड्यापर्यंत चालत जाता. तिथून काय आणता?”

“घ्या! वकील कर गं चैती हिला.”

चैतीलाही हसू आलं. पोर बोलायला लागली की तिला आतून बरं वाटायचं, फक्त ती तसं दाखवत नसे.

तेवढ्यात पडद्यावर आभाळ आलं. इकडे अंधार पडला होता, तिकडे भर दिवसाचं आभाळ, आणि त्यात एक पांढरा ठिपका, मागे लांब शेपूट. बघता बघता एकाचे दोन झाले, दोनाचे चार.

“आली!” कुणीतरी ओरडलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

“दारू उडवीत आली बया, वरातीसारखी,” धोंडीबाई म्हणाली.

चैती उठली. माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत टीव्हीपाशी गेली. सासरहून आलेल्या लेकीची दारात घेतात तशी तिने त्या काचेवरून दोन्ही हात फिरवून अलाबला घेतली आणि कानशिलांवर बोटं मोडली. दहाही बोटं कडाकडा वाजली.

“चैती,” गुरुजी म्हणाले. “मागं हो जरा. ऐकू दे.”

टीव्हीवर बातम्या देणारी बाई हिंदीत भरभर बोलत होती. गुरुजींचा चेहरा बघून टाळ्या आपोआप थांबल्या.

“यान मोडलं,” गुरुजी म्हणाले. “ते ठिपके म्हणजे त्याचे तुकडे. जळतायत.”

“आणि आतली माणसं?”

“सात होती.”

गौतमने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पडद्यावर तेच आभाळ पुन्हा दाखवत होते, पुन्हा एकाचे दोन, दोनाचे चार. चैती आपल्या बोटांकडे बघत तिथंच उभी राहिली.

“तिला आय हाये का?” तिने विचारलं.

गुरुजींना माहीत नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले, “हे बघ चैती, नाशिक म्हणजे काही आभाळ नव्हे. एसटी जाते तिथं.”

“तुम्हीच म्हणाला होता, सारखंच आहे.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर गुरुजींना काहीतरी बोलता आलं असतं.

“आये, ती दुसऱ्यांदा गेली होती,” जयवंती म्हणाली. “पहिल्या वेळेला सुखरूप आली होती.”

“मग घरी बसायचं होतं गं तिने.” चैतीने पोरीचा दंड धरून तिला उठवलं.

घरी येऊन चैतीने दिवा लावला. मग माणूस गेलेल्या घरात ओततात तसं भरलेलं सगळं पाणी तिने अंगणात ओतून दिलं. आधी हंडा, मग कळशी, शेवटी तांब्यातलंसुद्धा. जवळचा झरा आटला होता. ते पाणी तिने दरीतल्या डोहावरून डोक्यावर चढवून आणलं होतं.

“आये, आपल्या घरातलं कुठं कोण गेलं?”

“पंधरा दिवस या घरात तिचंच नाव चाललं होतं. जेवताना तेच, निजताना तेच.”

माती पाणी पिऊन गेली. जयवंती रिकाम्या हंड्याकडे बघत होती.

“मग सकाळी?”

“सकाळी दोघी जाऊ.”

“सकाळी माझा जादा तास आहे.”

दहावीचं वर्ष म्हणून यंदा चैतीने तिच्या डोक्यावर हंडा दिला नव्हता. आता तिने जुन्या लुगड्याची पट्टी टरकन फाडली आणि दिव्याजवळ बसून हंड्याखाली ठेवायची चुंबळ वळली. वळून झाल्यावर ती जयवंतीच्या डोक्यावर ठेवून बघितली. पोर हलली नाही.

चुंबळ नीट बसली.