माणसं बसलीत

खाणीत आग लागली तेव्हा खाली सात माणसं होती. "आता कुणी जिवंत नाही," असं युनियनच्या पुढाऱ्याने लिहून दिलं, खाणीचं तोंड बंद झालं आणि आग विझली. खाण वाचवली म्हणून लोकांनी त्यालाच आमदार म्हणून निवडून दिलं. माणसांना खाणीत वर-खाली नेणारा पाळणा चालवणाऱ्या ऑपरेटरचा धाकटा भाऊ त्या सातांत होता.

आज भरदुपारी त्याच पुढाऱ्याच्या हस्ते खाण पुन्हा उघडली. खाली अजून कुणी उतरलं नव्हतं, तरी खालून इशारा देणारी घंटा तीनदा वाजली.

"साहेब, तीन ठोके," ऑपरेटर म्हणाला. "माणसं बसलीत, वर घ्या."

"घंटेची वायर कधीच जळून गेलीय. उगाच काहीतरी बोलू नकोस," पुढारी म्हणाला.

ऑपरेटरने पाळणा ओढला. भरल्या ओझ्याने यंत्र कण्हत राहिलं. पाळणा मात्र रिकामा आला.

पुढारी हसत पाळण्यात शिरला. "बघ, आहे का कुणी?"

मग तो हळूहळू मागे सरकला आणि गर्दीत उभं राहावं तसा अंग चोरून कोपऱ्यात उभा राहिला.

"मला जरा बाहेर जाऊ द्या," तो खालच्या आवाजात म्हणाला.

त्याच्यापुढे कुणीच नव्हतं. दार सताड उघडं होतं.

घंटा दोनदा वाजली. खाली सोडा.

ऑपरेटरने दांडा धरला. मग त्याने पाळणा खाली सोडला.