स्वैपाकघरामागची खोली

हीटर पुन्हा बंद होता. दिपालीनं खोलीत पाऊल टाकलं आणि गारठा अंगाला झोंबला. भिंतीवरचा पारा चौदावर उतरला होता. चोवीसच्या खाली जाऊन चालणार नव्हतं.

मांडणीवरच्या पिशव्या तिनं हात लावून पाहिल्या. त्यांत अळंबीची पांढरी जाळी पसरायला हवी होती. हिरवी बुरशी धरली होती. सगळा माल गेला.

वीज साऱ्या गल्लीत होती. नव्हती ती फक्त तिच्याच घरात, कारण मीटर थोरल्या दिराच्या, रविराजच्या सोप्यात होतं.

कंग्राळीतलं हे घर दोघा भावांत वाटलं गेलं तेव्हा स्वैपाकघरामागची ही खोली धाकट्या किशनला, दिपालीच्या नवऱ्याला, आली. रविराजला ती ट्रॅक्टरच्या सामानाला हवी होती. खोलीची एकुलती खिडकी त्याच्या परड्यात उघडायची. त्यानं बाहेरून फळ्या ठोकून ती बुजवली. दिपाली तिथं अळंबी लावणार म्हटल्यावर तो चारचौघांत हसला होता. कुत्र्याच्या छत्र्या विकून ही बंगला बांधणार, म्हणाला होता.

ती तरातरा त्याच्या सोप्यात गेली. रविराज चहा पीत होता. फ्यूज गेला असेल, मला काय ठाऊक, म्हणाला. दिपालीनं बुरशी धरलेली पिशवी त्याच्या पायापुढं आपटून फोडली आणि परत आली.

संध्याकाळी किशन उद्यमबागेतल्या कारखान्यातून आला. त्याला कळताच तो भावाच्या अंगावर निघाला. सासू, बाळाबाई, दारातच आडवी बसली म्हणून थोडक्यात निभावलं. बाळाबाई दुपारी धाकट्याकडं जेवायची, रात्री थोरल्याकडं. इकडचं बोलणं तिकडं पोचायला तिची एक फेरी पुरायची.

दिपालीनं वेगळं मीटर बसवून घेतलं. भिंतींना थर्माकोल लावला, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं, नव्या पिशव्या भरल्या. ह्या वेळी हीटर बंद पडला नाही. पिशव्या आतून कापसासारख्या पांढऱ्या झाल्या.

मग एका दुपारी ताट वाढताना ती सासूला म्हणाली, "आत्या, आता खोलीत गार वारा शिरला तर सगळं संपलं. भावोजींच्या कानावर घालू नका."

बाळाबाईनं मान डोलावली आणि भात कालवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या फळ्या उपसलेल्या होत्या. धुकं सरळ आत येत होतं.

दिपाली गल्लीत उभी राहून ओरडली. वाटणीपासून फ्यूजपर्यंत, इतकी वर्षं गिळलेलं सगळं तिनं लोकांसमोर ओकून टाकलं. बोलता बोलता तिला रडू फुटलं. रविराज मिश्री लावत ऐकत होता.

"माझ्या परड्यातली खिडकी हाय," तो म्हणाला. "उघडीन न्हायतर लावीन."

किशननं खोऱ्याचा दांडा उचलला. दिपालीनं तो त्याच्या हातातून हिसकावून घेतला.

पुढं आठवडाभर हेच. रोज सकाळी ती शिव्या द्यायची, रोज रविराजला चेव चढायचा. त्यानं खिडकीत टेबलफॅन आणून ठेवला आणि वारा आत सोडला.

शेवटी किशनचा धीर सुटला. रागानं त्याचा आवाज फाटला होता. "फेकून दे सगळं. ह्या घरात ऱ्हायचंच न्हाय. शहापुरात भाड्यानं खोली बघतो."

दिपाली त्याला दंडाला धरून आत घेऊन गेली. बाळाबाईही मागून आली.

मांडणीवर बोट ठेवायला जागा नव्हती इतकी अळंबी वर आली होती. पांढरीशुभ्र, बटणासारखी, एकमेकींना ढकलत. किशन बघतच राहिला.

"जाळी धरायला ऊब लागती," दिपाली म्हणाली. तिच्या आवाजातला राग अजून उतरला नव्हता. "उगवायला गारवा आणि मोकळी हवा. दार उघडलं तर चुलीची धग आत येती. मागितल्यावर खिडकी उघडली असती व्हय त्यांनी?"

बाळाबाईनं एक अळंबी खुडली, नाकाशी धरली.

"नव्या पिशव्या भरशील तवा परत ऊब लागंल न्हवं?" तिनं सुनेला हळूच विचारलं. "मग त्येला काय सांगू?"