रांगेतला डावीकडचा

चेंडू मागे गेला तसा हिलाल समोरच्या माणसावर जाऊन आदळला. समोर धुळ्याचा खाजा होता, दुपारपासून तोच होता. पाय रोवायचे, कंबर खाली ठेवायची, दोन्ही तळहात त्याच्या छातीवर, आणि मनातल्या मनात चारपर्यंत मोजायचं. तेवढ्यात मागे जळगावचा फेकणारा ललित चेंडू टाकून मोकळा होतो. खाजाने डावीकडे हुलकावणी दिली आणि उजवीकडून मुसंडी मारली. हिलालच्या गुडघ्यातून सणसणीत कळ निघाली, पण तो हलला नाही. दोन, तीन. आणि मैदानात एकच आरडाओरडा झाला, त्यावरून त्याला कळलं की जळगाव जिंकलं.

चेंडू कोणी झेलला ते त्याने पाहिलंच नव्हतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये पुढच्या रांगेत पाच धिप्पाड गडी असतात. चेंडू उडतो तेव्हा त्यांची पाठ त्याच्याकडे असते. त्यातही हिलाल डावीकडचा शेवटचा, त्याने चेंडूला हातही लावायचा नसतो. समोरच्याला अडवायचं, फेकणाऱ्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, बस. भरितातल्या मिठासारखं हे काम. नीट पडलं तर वांग्याचं कौतुक, कमी पडलं तर मात्र मिठाची आठवण.

सगळे ललितकडे धावले, त्याला खांद्यावर घेऊन नाचू लागले. ललित पोरगा गुणी, हात त्याचा सोन्याचा, त्यात वाद नाही. पण धुळ्याच्या मैदानात दोन तास खेळूनही त्याची पांढरी जर्सी सकाळी घातली तशीच पांढरी होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मग दोन्ही संघांना एकत्र बसवून निवड समितीच्या साहेबांनी राज्याच्या संघाची यादी वाचायला घेतली. हिलाल पुढे सरकून बसला. पहूर गावी त्याच्या वडिलांची, जीवरामआबांची, केळीचे घड ट्रकात भरणारी टोळी होती. आज नाव आलं तर आणखी एक वर्ष खेळ, नाही तर सोमवारपासून टोळीत ये, असं आबांनी सांगून ठेवलं होतं. चोवीस वर्षांच्या मुलाला कोणताही बाप हेच सांगेल.

जळगावचे तिघे, धुळ्याचे दोघे. पहिलं नाव ललितचं होतं. हिलालचं शेवटपर्यंत आलं नाही.

मंडळी पांगल्यावर तो धीर करून साहेबांपाशी गेला. "सर, माझं काही चुकलं का?"

साहेब मनाचे चांगले होते. त्यांनी कागद पुन्हा उलटून पाहिले. "चुकलं असं नाही रे. पण तुझ्या नावापुढे काही लिहिलेलंच नाही. हे बघ, फेकलेले, झेललेले, पळून काढलेलं अंतर, पाडलेले गडी. तू काय केलंस ते मी कुठल्या रकान्यात शोधू?"

हिलालने त्या कागदाकडे पाहिलं. दोन तास त्याने काय केलं होतं? काही होऊ दिलं नव्हतं. आणि जे झालंच नाही ते कागदावर कोण लिहिणार?

फोन वाजला. आबाच होते.

"काय झालं?"

"जिंकलो."

"त्यातले तुहे किती?"

"मह्या हातात चेंडू येतच नही, आबा."

आबा ओरडले नाहीत. ओरडले असते तरी हिलालला बरं वाटलं असतं. "बरं," ते म्हणाले. "सोमवारी पहाटे बागात ये. आता दोन घास खाऊन घे."

बसमध्ये पोरं टाळ्या पिटून गात होती. हिलालला तिकडे जाववेना. एवढ्या माणसांत आपण दिवसभर होतो की नव्हतो, असं त्याला वाटू लागलं. तो मैदानाच्या कडेच्या बाकावर बसून बूट काढू लागला.

शेजारी कोणीतरी येऊन बसलं. पाहतो तर खाजा. दोन तास दोघे एकमेकांचा श्वास ऐकत होते, पण बोलणं असं झालं नव्हतं.

"तुना उजवा गुडघा दुखस ना?" खाजाने विचारलं.

हिलाल चपापला. गुडघ्याचं त्याने आपल्या प्रशिक्षकांनाही सांगितलं नव्हतं. "तुले कसं कळलं?"

"मध्यंतरपासून तू डावा पायवर भार देत व्हता. मी दरखेपे तुनी उजवी बाजू धरीसन तठूनच घुसनू. पन पार जाता उनं नही."

खाजाने हातातली पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली. हिलालने घोटभर पाणी पिऊन ती परत दिली.

"मनं नाव बी नही उनं," खाजा म्हणाला. "साहेबनी माले कागद दखाडा. गयला सामनामा फेकणाराले सहा खेपे पाडं व्हतं मी. आज शून्य."

हिलालने मान खाली घातली. "मह्यामुळे?"

"मंग कोनमुये?"

बसचा हॉर्न वाजला. हिलालने बूट हातात घेतले, पण त्याला उठवेना.

"राग नही आला तुले महा?"

"उना ना," खाजा म्हणाला. "पन मी नही सांगं तर तू आज काय करं हाई तुले कोन सांगी?"