सगळ्यांनी एकाच दिवशी

चिमणीचे जंत औषध दिलं की जायचे आणि महिना उलटला की पुन्हा हजर. आईने तिची नखं पार मुळापर्यंत कापली, चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या, पण पोरीची खाज आणि चुळबूळ काही थांबेना. शेवटी डॉक्टरांनी बजावलं, "घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्या. एक जण जरी राहिला, तरी हिला पुन्हा होणार."

सुनेने हातावर ठेवलेली गोळी सासूबाईंनी तशीच ओट्यावर आपटली.

"मला जंत? आमच्या सात पिढ्यांत असले प्रकार नव्हते हो! आईच्याच हाताला स्वच्छता नाही, तर पोर काय करणार?"

त्या दिवसापासून त्यांनी चिमणीला मांडीवर घेणंही सोडलं. पोर दारात उभी राहून आजीच्या रिकाम्या मांडीकडे बघायची, आणि आई पुन्हा चादरी उकळायला घ्यायची.

एका दुपारी बाकीचे सगळे आडवे झाल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. चिमणी करायची अगदी तशीच चुळबूळ करत त्यांनी मागे वळून पाहिलं आणि सुनेपुढे हात पसरला.



"ती गोळी दे इकडे. आणि आधी हात धू!"