हंगामातला पहिला धक्का

व्हर्लिनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सगळा हिवाळा खर्ची घालून आमच्या छोट्या ट्रकला पुढून जाडजूड लोखंडी बंपर बसवला आणि त्यावर जुन्या टायरचं रबर ठोकलं. आमच्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांना स्टार्टरच नसतो. मागून ट्रकने ढकलल्याशिवाय त्या सुरू होत नाहीत. यंदा तो मान आमच्या ट्रकचा होता.

शर्यतीच्याच दिवशी बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा कामावर निघाले, आणि माझी जुनी गाडी दारातच अडली.

"अरे, ट्रकने जरा ढकल ना!"

"वेडी आहेस का? हंगामातला पहिला धक्का शर्यतीच्या गाडीलाच द्यायचा. नाहीतर वर्षभर अपशकुन!"

"मग हाताने ढकल."

"संध्याकाळसाठी मनगटं जपायला हवीत गं."

सासूबाई, आर्डिथ, नातीला बाबागाडीत ठेवून बाहेर आल्या. "बस तू आत. याचा बापही अस्साच होता." त्यांनी एकटीने गाडी उतारापर्यंत रेटली. इंजिन धडधडलं आणि मी कामावर वेळेत पोचले.

संध्याकाळी ट्रॅकवर व्हर्लिनने पहिलीच गाडी झोकात ढकलून सुरू करून दिली. निवेदक माइकवर गरजला, "मंडळी, ज्यांच्यामुळे अडलेली गाडी चालू होते, त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या!"



प्रेक्षकांत माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई कंबर धरून उठल्या आणि चारी बाजूंना हात हलवत त्यांनी टाळ्या स्वीकारल्या.